बंदीचे ६१ दिवस आणि परसातलं छप्पर



या पानावर आम्ही बहुतेक वेळा डिझेलचा परतावा, बर्फाचा दर आणि हवामान खात्याचा इशारा एवढंच टाकतो. आज विषय वेगळा आहे. गेली दोन वर्षं संस्थेच्या कार्यालयामागच्या जागेत आणि वाड्यावरच्या काही घरांच्या परसात भाजीचं जे काम झालं, त्याची हकिगत लिहा असं बऱ्याच जणांनी, खरं म्हणजे जणींनीच, सांगितलं. त्यात आमच्या चुका पुष्कळ आहेत. त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही, कारण पैसे संस्थेचे होते आणि सभेत तेव्हा कोण काय बोललं ते सगळ्यांच्या लक्षात आहे.

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस आपल्याला नवीन नाहीत. यांत्रिक होड्या बंद. बिगरयांत्रिक होडीला कायद्याची बंदी नसली तरी मिरगानंतरच्या दर्यात ती घालायची हिंमत कोण करतो? होडी वर ओढून घ्यायची, झावळांनी शाकारायची आणि जाळी सांधत बसायचं. घरात येणारा पैसा थांबतो आणि नेमका त्याच वेळी भाजीचा दर चढतो. गोव्यातली बरीचशी भाजी बेळगावहून घाट उतरून येते. चोर्ल्यात किंवा अनमोडला दरड पडली की दुसऱ्या दिवशी पेडण्याच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीला हात लावायची सोय नसते.

पुरुमेताचे खारे बांगडे, सुकी सुंगटं घराघरात असतात हे खरं. पण दोन महिने खारं खाऊन कसं चालेल? घरात रक्तदाबाची गोळी घेणारं एक तरी माणूस असतंच, कुठे बाळंतीण असते, कुठे लहान मूल. आणि आणखी एक गोष्ट आम्हाला सचिव म्हणून दिसते, ती तुम्हाला दिसत नसेल. मे अखेरीला उचलीचे जे अर्ज येतात त्यांवर कारण म्हणून 'घरखर्च' लिहिलेलं असतं. ही उचल पुढच्या हंगामाच्या मासळीतून कापली जाते. म्हणजे ऑगस्टात पहिली फेरी मारायला जाणारा माणूस आधीच देणेकरी असतो. घरखर्चातला भाजीचा तेवढा तुकडा परसातून निघाला तर उचल थोडी कमी लागेल, एवढाच विचार करून संचालक मंडळाने हे काम हातात घेतलं.

आता पहिल्या वर्षाची फजिती सांगतो.

मोबाईलवर पॉलिहाऊसचे व्हिडिओ सगळ्यांनीच बघितले होते. एका पुरवठादाराचा माणूस येऊन जागा मोजून गेला आणि चारही बाजूंनी बंद, वर प्लास्टिक, बाजूला बारीक जाळी असं २० फूट बाय १० फुटांचं घर उभं करून गेला. संस्थेच्या निधीतून २८,००० रुपये गेले. एप्रिलचा शेवट होता. आत मिरची, वांगी आणि टोमॅटोची रोपं लावली. दुपारी आत शिरलं की तोंडावर भपकारा यायचा, चष्मा धूसर व्हायचा. किनाऱ्याची हवा आधीच दमट, त्यात वारा कोंडलेला. टोमॅटोला फुलं आली ती गळून पडली. वांग्याची रोपं एक दिवस हिरवीगार असताना माना टाकून बसली. आम्ही पाणी वाढवलं, तर आणखी बसली. नंतर कळलं की तो मर रोग होता. मातीतल्या जिवाणूंमुळे होतो, आपल्याकडच्या उष्ण ओल्या हवेत वांगी, टोमॅटो, मिरची या भावकीला फार छळतो आणि पाणी वाढवून तो उलट पसरतो.

तरीही घर उभं होतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री दर्याकडून वारा सुटला आणि पाऊस कोसळला. छपराला ढाळ कमी होता. प्लास्टिक जिथे सैल होतं तिथे पाणी साठून पोटळी झाली, पोटळी जड झाली तसं प्लास्टिक आणखी खाली आलं आणि पहाटे चारच्या सुमाराला सगळं एका कुशीवर झोपलं. पाण्याचा हिशेब आम्ही नंतर केला. २०० चौरस फुटांच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १८०० लिटरच्या वर पाणी होतं, म्हणजे जवळजवळ पावणेदोन टनांच्या पुढे. आपल्या किनाऱ्याला वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. एका दिवसात १०० मिलिमीटर ही आपल्याकडे नवलाची गोष्टच नाही. ते पाणी वाहून गेलं नाही तर लोखंडाचा पाईपसुद्धा वाकणार.

सभेत बोलणी खाल्ली. 'मासेमारांच्या पैशांनी भाजीची मजा' असंही एकाने म्हटलं. आम्ही खाली मान घालून ऐकलं. पण त्याच सभेत मागे बसलेले एक म्हातारे तांडेल उठून एवढंच म्हणाले, "तुमी शीड उभारलात, पण वाऱ्याक जावक वाट खंय ठेवलात?" लोक हसले. आम्हीही हसलो. घरी गेल्यावर मात्र तेच वाक्य डोक्यात राहिलं.

दुसऱ्या वर्षी त्याच तांडेलांना आणि रापणीवरच्या दोघांना पुढे घालून नवं छप्पर केलं. यावेळी बाजू मोकळ्या ठेवल्या. बंद घर थंडीच्या मुलखासाठी, जिथे ऊब धरून ठेवायची असते. आपल्याला ऊब नको आहे. आपल्याला फक्त पावसाचा मार अडवायचा आहे आणि मे महिन्यात थोडी सावली हवी आहे. केरळात असं नुसतं पावसाळी छप्पर भाजीसाठी बरेच लोक करतात.

मेढी सुरूच्या घेतल्या, कमानी चिवाऱ्याच्या. मधल्या आढ्याची उंची ९ फूट, कडेची साडेसहा फूट, म्हणजे दोन्ही बाजूंना चांगला ढाळ पडतो. आढं पूर्व-पश्चिम ठेवलं, कारण पावसाळ्यात आपला वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. छपराची अरुंद बाजू त्याच्या तोंडाला द्यायची, म्हणजे वारा आतून सरळ निघून जातो. पश्चिमेला सहा-सात फूट अंतरावर झावळांचं कूड घातलं, तेही घट्ट विणलेलं नाही, फटी ठेवून. घट्ट कुडावरून वारा उडी मारतो आणि पलीकडे जोराने आपटतो, हे रेतीत मांगर बांधणाऱ्याला सांगायची गरज नाही.

रेतीत मेढ धरत नाही, ही पहिल्या वर्षीची दुसरी चूक. आता प्रत्येक कोपऱ्याला दोन फूट खोल खड्ड्यात रेतीने भरलेलं पोतं पुरलं आहे आणि त्याला रापणीच्या जुन्या दोराने मेढ आवळली आहे. प्लास्टिक २०० मायक्रॉनचं, ऊन सोसणारं घेतलं, साधं ताडपत्रीच्या दुकानातलं नाही. ते खिळ्यांनी ठोकलं नाही. कडेला काठी गुंडाळून ती काठी दोराने खाली बांधली, होडी खुंट्याला बांधतो तशी. वादळाचा इशारा आला की दहा मिनिटांत सोडून गुंडाळता येतं. गेल्या पावसात असं दोनदा सोडलं, दोनदा परत चढवलं. सगळा खर्च ७,४०० रुपये आला, मजुरी धरली नाही कारण ती आपल्याच लोकांची होती. घराच्या परसात १० बाय ६ फुटांचं केलं तर याहून बरंच स्वस्त पडतं. पक्कं बांधकाम मात्र कोणी करू नका. किनाऱ्यालगत सीआरझेडचे नियम लागतात, काही शंका असेल तर आधी पंचायतीत विचारा.

छपराच्या कडेला अर्धा कापलेला पीव्हीसी पाईप बांधून पाणी पिंपात सोडलं. १०-१२ मिलिमीटरचा पाऊस झाला की २०० लिटरचं पिंप भरतं. पावसाळ्यात पिंप कशाला असं वाटेल, पण छपराखालच्या वाफ्यांना पाणी घालावंच लागतं आणि आपल्या विहिरी मे अखेरपर्यंत मचूळ झालेल्या असतात. मचूळ पाण्याने मिरचीच्या पानांची टोकं करपतात. त्यामुळे मे महिन्यात रोपांना नळाचंच पाणी घाला, थोडं लागतं.

माती हा आपला सगळ्यात मोठा प्रश्न. रेतीत पाणी थांबत नाही आणि त्याबरोबर खतही खाली निघून जातं. आम्ही एक फूट उंचीचे गादीवाफे केले. तळाला नारळाची सोडणं उलटी पसरली, ती पाणी धरून ठेवतात, माडाच्या खड्ड्यात आपण घालतोच. वर आतल्या गावातून आणलेली तांबडी माती, कुजलेलं शेणखत आणि रेती समान भाग. तांबडी माती आंबट असते, ती आधी तपासून घेतलेली बरी. जुने गोवे इथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे चौकशी करा. अंदाजाने चुना टाकू नका.

खताची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण इथे आपल्याकडे जे फुकट आहे ते इतरांना विकत घ्यावं लागतं. लिलावाच्या जागी रोज मासळीची डोकी, आतडी, खवले पडतात. ते कुत्रे ओढतात, घाण होते, पर्यटक नाक धरून जातात. आमच्या आजोबा-पणजोबांनी माडाला मासळीचंच खत घातलं. पण भाजी म्हणजे माड नाही. एका घरात मासळीची आतडी थेट भेंडीच्या बुडाशी घातली. रात्री कुत्र्यांनी वाफा उकरला आणि जी रोपं वाचली त्यांची मुळं त्या ताज्या कुजणीच्या उष्णतेने गेली. दुसऱ्या घरी खारवणीचं उरलेलं पाणी 'मासळीचंच तर आहे' म्हणून दुधीच्या आळ्यात ओतलं. दुधी तीन दिवसांत संपला. मीठ गेलेलं काहीही परसात नको, हे पक्कं लक्षात ठेवा.

ताजी मासळी पुरायची तर फूटभर खोल, बुंध्यापासून लांब आणि लावणीच्या निदान तीन आठवडे आधी. त्याहून चांगलं म्हणजे गूळ घालून आंबवणं. मासळीचा कचरा १ किलो, गूळ १ किलो, प्लास्टिकच्या डब्यात दोन तृतीयांशच भरायचं, सावलीत ठेवायचं. तीन-चार आठवड्यांनी दाट तपकिरी पाणी सुटतं, ते गाळून घ्यायचं. तोंडाला कापड बांधायचं, झाकण घट्ट लावायचं नाही. आम्ही लावलं होतं. आत वायू भरून मांगरात मध्यान्ही असा आवाज झाला की शेजारच्या घरातून माणसं धावत आली, वाटलं सिलिंडरच फुटला. छताच्या कौलांना अजून डाग आहेत. वासाबद्दल न बोललेलं बरं.

ते पाणी १ लिटर साध्या पाण्यात ५ मिलिलिटरपेक्षा जास्त घालू नका. पंधरा दिवसांतून एकदा, संध्याकाळी. एका सभासदाने 'जास्त घातलं तर लवकर वाढेल' म्हणून दहापट घातलं आणि पानं जाळून घेतली. पालेभाजी काढायच्या आधीचा आठवडाभर फवारायचंच नाही.

जुन्या जाळ्यांबद्दलही सांगायला हवं. जाळं टाकून द्यायचं, पुरायचं, जाळायचं किंवा दर्यात सोडायचं, यापेक्षा परसात वापरलं तर चांगलंच. रापणीचं जाड सुताचं जाळं मांडवाला उत्तम. दोडका, घोसाळं, कारलं, पडवळ त्यावर झरझर चढतात आणि फळं खाली लोंबतात, काढायला सोपी. मोरांपासून रोपं वाचवायलाही तेच बांधतो. आपल्या भागात मोर एवढे झालेत की कोवळी भाजी सकाळपर्यंत साफ करतात.

पण कांडाळीचं बारीक तंगुसाचं जाळं कुंपणाला कधीच लावू नका. गेल्या जुलैत एका परसात सकाळी धामण त्यात अडकलेली सापडली. जेवढी सुटायला बघत होती तेवढं तंगूस अंगात रुतत होतं. साप पकडणाऱ्या मुलाला बोलावलं. त्याने डोकं धरून ठेवलं आणि घरच्या काकींनी मासे कापायच्या सुरीने एकेक धागा कापला. अर्धा तास गेला. काकी सगळा वेळ सापालाच रागावत होत्या, "गप रव गे, गप रव." सुटल्यावर ती कुडाखालून गेली. धामण उंदीर खाते, तीच गेली तर पोफळी आणि होडीतली जाळी कुरतडणारे उंदीर कोण आवरणार? त्याच आठवड्यात आम्ही सगळ्या घरांची तंगुसाची जाळी काढायला लावली. जाळ्याने सावली पडते असाही काहींचा समज होता. पडत नाही. सावलीसाठी ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट लागते. ती मे महिन्यात छपराखाली बांधायची आणि पाऊस सुरू झाला की काढून ठेवायची, कारण पावसाळ्यात आधीच उजेड कमी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वेळ. पहिल्या वर्षी आम्ही घर पडल्यावर उघड्या परसात मिरगाला बी टाकलं, जसं सगळे टाकतात. भेंडी यायला ४५-५० दिवस, दोडका-काकडीला त्याहून थोडे जास्त. म्हणजे ऑगस्ट उजाडला, होड्या दर्यात गेल्या आणि मग भाजी आली. चतुर्थीला उपयोग झाला, पण ज्या ६१ दिवसांसाठी खटाटोप केला ते कोरडेच गेले.

म्हणून दुसऱ्या वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात छपराखाली पिशव्यांमध्ये वेलांची रोपं केली. पहिल्या चांगल्या सरीनंतर ती बाहेरच्या आळ्यांत गेली, कारण वेलांना पाऊस चालतो, फक्त पाणी साचायला नको. जूनच्या शेवटी काकडी (तवशी म्हणा), जुलैच्या सुरुवातीला दोडका सुरू झाला. छपराखालची जागा रिकामी झाली तिथे तांबडी भाजी. ती २५-३० दिवसांत काढणीला येते. उघड्यावर पावसाचे थेंब कोवळ्या रोपांना झोपवतात, पानांवर माती उडते आणि पांढरे ठिपके पडतात. छपराखाली ती स्वच्छ येते. मात्र सगळं बी एकदम टाकू नका. दर दहा दिवसांनी एक वाफा, म्हणजे काढणी चालू राहते. बी रेतीत किंवा राखेत मिसळून फेकलं तर एकसारखं पडतं आणि राखेमुळे मुंग्याही कमी नेतात.

मिरची आपल्या हरमलचीच लावा. तिला जीआय मानांकन मिळालं आहे आणि बी आपल्याच आजूबाजूला आहे. सात शिरांची भेंडीही तशीच, लांब झाली तरी कोवळी राहते. संकरित बियाणाची भेंडी पहिल्या वर्षी जोरात आली, पण तिचं राखलेलं बी दुसऱ्या वर्षी तसं निघालं नाही. वाड्यावरच्या दोघी-तिघी अजून चुलीवर शेंगा टांगून बी राखतात. त्यांच्याकडून घ्या, मागताना लाजू नका, त्याही लाजत नाहीत. आणि टाकळा, तेरं, शेवग्याचा पाला तर न लावताच मिळतो. दर आठवड्याला त्याचं एखादं खतखतं झालं तरी पोरं कुरकुरतात, ते वेगळं.

एका खलाशाच्या घरी बायको हिशेबाची वही ठेवते. तिने आम्हाला ती दाखवली. आदल्या वर्षी जून-जुलैत जवळजवळ रोज भाजी विकत. गेल्या वर्षी दोन महिन्यांत ११ वेळा, तीही कांदे-बटाटे आणि एकदा फ्लॉवर, मुलाच्या वाढदिवसाला. त्यांनी उचल घेतलीच, पण आदल्या वर्षीपेक्षा कमी घेतली. सगळ्यांचं असं झालं नाही. तीन घरांत कुणाला वेळ मिळाला नाही, वाफे तणाने भरले. एका घरी माकडांनी काकडीचं एक फूलही ठेवलं नाही, त्याला आमच्याकडे अजून उपाय नाही. एक सांगायला हवं, हे काम बायकांवरच पडतं. जाळी सांधताना गप्पा मारत बसलेल्या पुरुष मंडळींनी सकाळी निदान पिंपाचं पाणी वाफ्यांना घातलं तर काही बिघडणार नाही.

यंदाचं ठरलं आहे ते असं. संस्थेच्या छपराखाली दोडका, तवशी आणि दुधीची रोपं चालू आठवड्यात पिशव्यांत लावली आहेत, ती २८ मेनंतर सभासदांना मिळतील, घरटी आठ. तांबडी भाजी आणि भेंडीचं बी रविवारी सकाळी लिलाव आटोपल्यावर कार्यालयात वाटू. रिकामी बाटली घेऊन या, कागदाची पुडी दिली की ती ओली होते. नवीन छप्पर बांधायचं आहे त्यांनी नाव सांगावं, तांडेल आणि रापणीची मंडळी दोन दिवस मदतीला येतील, पण मेढी आणि प्लास्टिक ज्याचं त्याने आणायचं. मासळी-गुळाचं गाळलेलं पाणी मांगरात भरून ठेवलं आहे. झाकण सैल आहे, कोणी घट्ट करू नये.